द्विपद, चतुष्पद आणि कुप्य

आपल्या व्यापारी घरांत 'पडून माल' हा शब्द हलक्या आवाजात उच्चारला जातो. गल्ल्यावर बसलेला माणूस उधारी बुडाल्याचे चारचौघांत सांगेल, भाव पडल्याचेही सांगेल. परंतु माळ्यावर किती माल पडून आहे हे तो घरातल्या माणसांनाही सहसा सांगत नाही. कापड पडून राहिले तर सेलमध्ये निघते. भांडे पडून राहिले तर धातूच्या भावाने तरी जाते. खेळण्याला मात्र मोडीचाही भाव नसतो, आणि त्यातही एखाद्या चित्रपटाच्या नावावर आलेले खेळणे म्हणजे सर्वांत नाशवंत माल. चित्रपट उतरला की पंधरा दिवसांत ते शिळे होते. भाजीपाल्याचा आणि या मालाचा धर्म एकच, असे माझे सासरे म्हणत.

गेली अठ्ठावीस वर्षे मी नेमका हाच माल जमवीत आले आहे. जुने प्लास्टिकचे डायनासोर, आणि चित्रपटांच्या नावावर विकल्या गेलेल्या किरकोळ वस्तू: कंपासपेट्या, बिल्ले, स्टिकर, गाण्यांच्या चोपड्या, पाण्याच्या बाटल्या. श्रावक घराण्यातल्या सुनेला हा छंद कसा लागला, असे पुष्कळजण विचारतात. विचारण्याचा सूर कौतुकापेक्षा काळजीचा असतो.

अंबरनाथ म्हटले की बाहेरच्यांना इ. स. 1060 मधील शिलाहारकालीन शिवमंदिर आठवते. बुवापाडा पाहायला कुणी येत नाही. पश्चिमेकडील ही वस्ती कामगारांची. ऑर्डनन्स फॅक्टरी, विमकोचा काड्यापेटीचा कारखाना आणि औद्योगिक वसाहतीतली लहानमोठी युनिटे यांच्या पगारावर आमचे स्टेशनरी-कटलरीचे दुकान चाले. पगाराच्या आठवड्यात खेळणी जात. उरलेले तीन आठवडे वह्या, पेन्सिली, केसांच्या पिना. 1996 साली लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा दुकानाचा माळा आवरण्याचे काम रीतीप्रमाणे नव्या सुनेकडे आले. दोन पुठ्ठ्याच्या खोक्यांत 211 डायनासोर निघाले. वहीत नोंद सापडली: 1994, प्लास्टिक प्राणी, 4 ग्रोस. म्हणजे 576 नग आले होते आणि दोन वर्षांत 365 गेले होते. बाबूजींच्या हिशेबी हा फसलेला सौदा होता. मला मात्र वाटले, दिवसाआड एक डायनासोर बुवापाड्यातल्या कुणा ना कुणा मुलाच्या घरी पोहोचला होता, आणि त्यांपैकी एकही आता कुठे दिसणार नाही.

या मालामागे कोणता चित्रपट होता हे सांगायला नको. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ज्युरासिक पार्क' जून 1993 मध्ये अमेरिकेत लागला आणि 1994 साली हिंदीत डब होऊन आपल्याकडे आला. त्याआधी इंग्रजी चित्रपट म्हणजे मोठ्या शहरांतल्या मोजक्या चित्रगृहांची मिरास होती. हिंदी आवाजामुळे तो कारखान्यातल्या माणसाला आणि त्याच्या मुलांनाही कळू लागला. हॉलिवूडचा चित्रपट हिंदीत आणला तर लहान गावांतही चालतो, हा धडा व्यवसायाने त्या वर्षी घेतला.

व्यापारी नजरेने पाहिले तर त्या चित्रपटात एक अजब प्रसंग आहे. उद्यानात सगळा हाहाकार उडालेला असताना मालक जॉन हॅमंड भोजनगृहात एकटाच आइस्क्रीम खात बसला आहे, आणि कॅमेरा शेजारच्या भेटवस्तूंच्या दुकानावरून सावकाश फिरतो. फळ्यांवर उद्यानाचे चिन्ह छापलेले डबे आहेत, कपडे आहेत, खेळणी आहेत. कथेतल्या उद्यानाचे चिन्ह आणि प्रत्यक्ष चित्रपटाचे चिन्ह एकच. जो माल पडद्यावर मांडला आहे तोच बाहेर विकायला आहे. मूल बाजारात ते खेळणे घेते तेव्हा ते त्या उद्यानातूनच आणल्यासारखे वाटते. दुकानाची पाटीच चित्रपटाच्या पोटात लावून ठेवण्याची ही हुशारी पाहून बाबूजींनी मान डोलावली होती. चित्रपट त्यांनी पाहिला नव्हता; प्रसंग मी सांगितला होता.

हे खेळणी बनवणाऱ्या केनर या अमेरिकन कंपनीचा आणखी एक किस्सा आपल्या वाचकांना आवडेल. 1977 साली जॉर्ज लुकास यांचा 'स्टार वॉर्स' लागला. दिग्दर्शनाचे वाढीव मानधन सोडून लुकास यांनी चित्रपटाच्या वस्तू विकण्याचे हक्क स्वतःकडे ठेवले होते, आणि चित्रपट कंपनीला त्या वेळी त्यात काही गमावल्यासारखे वाटले नव्हते. चित्रपट इतका चालला की नाताळापर्यंत खेळणी तयारच होऊ शकली नाहीत. मग केनरने काय केले? रिकामे पाकीट विकले. आत पुठ्ठ्याचे एक चित्र आणि एक प्रमाणपत्र: हे आम्हांला पाठवा, पुढील वर्षी चार बाहुल्या घरपोच मिळतील. लोकांनी पैसे मोजून ते नेले. खेळण्यांची हुंडीच ती. आज संग्राहकांच्या बाजारात ते वापरलेले, फाटलेले पाकीटही भाव खाते. वायद्याचा कागद मालापेक्षा महाग होण्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

आमच्या माळ्यावरचा माल अर्थातच केनरचा नव्हता. तो उल्हासनगरच्या कॅम्प नंबर 3 मधल्या एका ठोक व्यापाऱ्याकडून आला होता. उल्हासनगराविषयी 'मेड इन यूएसए' हा विनोद आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकला आहे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हसायला हरकत नाही, परंतु घरदार सोडून लष्करी छावणीच्या बराकींत येऊन राहिलेल्या माणसांनी तो विनोद जन्माला घातला आहे, एवढे लक्षात ठेवून हसावे. 8 ऑगस्ट 1949 रोजी कल्याण कॅम्पचे उल्हासनगर असे नामकरण झाले तेव्हा तिथल्या लोकांकडे भांडवल म्हणून हात होते आणि दुसऱ्याची वस्तू पाहून ती तशीच करण्याची नजर होती.

या नकलांची रीत मी पुढे हळूहळू समजून घेतली. मूळ खेळणे कुठून तरी हाती येई. त्यावरून डायमेकर लोखंडाची डाय कोरी. हातमशीनवर दाणा वितळवून डायमध्ये दाबायचा, थंड झाले की काढायचे, कडेला आलेला जादा पातळ पापुद्रा ब्लेडने कापायचा. ब्लेडचे काम घरोघरच्या बायका ग्रोसच्या भावाने करीत. नवा दाणा महाग, म्हणून फुटक्या बादल्या-टबांचा भंगार दाणा मिसळत. त्यामुळे आमचे डायनासोर कुठल्याही एका रंगाचे नाहीत. हिरव्यात तपकिरी लाट, निळ्यात लाल धागा. जगात असे दोन नग सापडायचे नाहीत. असल्या रंगासाठी आज हौशी कलाकार खास मेहनत घेतात, असे ऐकते.

आता सासूबाईंची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत माझा मामेभाऊ अमेरिकेहून आला. चित्रपटाची लाट ओसरल्यावर तिकडे सवलतीत निघालेली केनरची तीन मोठी खोकी त्याने आणली होती. एक खोके त्याने सगळ्यांसमोर उघडले. लालसर रंगाचा टी. रेक्स, मांडीवर 'जेपी' अशी अक्षरे, आणि कुशीवर कातडीचा एक तुकडा, जो ओढला की निघून येई. आत तांबडे मांस आणि पांढऱ्या फासळ्या. त्या मालिकेतल्या काही मोठ्या प्राण्यांना कंपनीने अशी जखम मुद्दाम दिली होती; त्याला त्यांनी नावही ठेवले होते, 'डिनो डॅमेज'. भावाने तुकडा काढला, लावला, पुन्हा काढला. मुले पुढे सरकली. सासूबाई उठून आत गेल्या.

संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसवून यशोधर राजाची कथा सांगितली. वाचकांना ती माहीत आहेच. खरा कोंबडा मारायचा नाही म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला, आणि त्या एका संकल्पापायी राजाला आणि त्याच्या आईला किती जन्म पशुयोनीत काढावे लागले. पीठ कापले गेले, रक्त सांडले नाही. परंतु भाव मारण्याचाच होता. "खेळणे घरात असायला माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "पण जखम उघडून पाहण्याची मुलांना सवय नको." उरलेली दोन खोकी न उघडता माळ्यावर गेली. उघडलेल्या टी. रेक्सचा तो कातडीचा तुकडा सासूबाईंनी स्वतः गोंदाने पक्का चिकटवला.

त्यानंतर काही दिवसांनी मी उल्हासनगरच्या नगांशी हा टी. रेक्स ताडून पाहिला आणि थक्क झाले. आमच्या नगांत त्याचीच एक लहान आवृत्ती होती. डायमेकरला दोन भागांची, तुकडा निघणारी डाय परवडणारी नव्हती. त्याने कातडीच्या तुकड्यासकट सगळे एकसंध ओतले होते. कुशीवर थोडासा उंचवटा, जुन्या बऱ्या झालेल्या जखमेच्या वणासारखा. आत काहीच नाही. 'जेपी' ही अक्षरेही मांडीवर पुसट गाठीसारखी उमटलेली. कोरणाऱ्याला ती वाचायची होती कुठे? मी तो नग सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी कुशीवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "हा बरा झालेला दिसतो." तो नग मग त्यांच्या औषधांच्या डब्याशेजारी 2016 पर्यंत, म्हणजे त्या जाईपर्यंत, उभा होता.

माझ्या संग्रहाची खरी सुरुवात तिथून झाली. मी एक रजिस्टर केले. रकाने आपल्या स्टॉक-बुकासारखेच: अनुक्रम, वस्तू, माप, वजन, कुठून आली, किती पैसे दिले, आणि शेवटचा रकाना, बनवणारा. हा शेवटचा रकाना पुढे बराच त्रास देणार होता.

वर्षातून चार-पाच वेळा शुक्रवारी पहाटेची लोकल धरून भायखळ्याला उतरायचे आणि चोर बाजारात जायचे, हा माझा नेम झाला. शुक्रवारी तिथे रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. उजाडण्याआधी जाणारा चांगले नेतो. आमचे हे सोबत येत, परंतु त्यांचे लक्ष कुलपांकडे. मटण स्ट्रीटवरच्या जुन्या दुकानांत पोस्टर आणि लॉबी कार्डे मिळतात; ती माझ्या आवाक्याबाहेरची. मी चोपड्या घेते. चित्रगृहाच्या दारात आण्या-दोन आण्यांना मिळणाऱ्या गाण्यांच्या त्या चोपड्या, घरी नेऊन रेडिओशेजारी ठेवायच्या. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' 1931 साली आला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जी काही ओळख उरली ती छायाचित्रे, जाहिराती अशा भोवतालच्या कागदांतून. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना 1964 सालची, आणि तिथे चित्रपटांच्या रिळांबरोबर पोस्टर आणि चोपड्याही जपल्या आहेत. मुख्य माल नष्ट झाला आणि त्याच्याबरोबर फुकटात दिलेली पिशवी तेवढी राहिली, असा हा व्यवहार.

'शोले'च्या संवादांची ध्वनिमुद्रिका माझ्याकडे आहे. 1975 च्या त्या चित्रपटात गाण्यांइतकेच संवाद लोकांना पाठ झाले, म्हणून पॉलिडोरने नुसत्या संवादांची तबकडी काढली. गब्बरसिंगने तर ब्रिटानियाच्या ग्लुकोज बिस्किटांची जाहिरात केली. डाकूच्या तोंडून मुलांची बिस्किटे खपवण्याचे धाडस कुणाच्या डोक्यातून निघाले असेल, देव जाणे, पण खपली.

डायनासोर मात्र चोर बाजारात क्वचित मिळतात. मुलांच्या हातातली वस्तू सहसा भंगारात जाते, बाजारात परत येत नाही. जे मिळतात ते पाहिले की एक मौज लक्षात येते. जुन्या खेळण्यातला टी. रेक्स शेपूट जमिनीवर टेकवून ताठ उभा असतो, लग्नात आहेर घ्यायला उभे राहिलेल्या यजमानासारखा. 1993 नंतरचा वाकून, शेपूट मागे तोलून धावतो. शास्त्रज्ञांचे मत मधल्या काळात बदलले. न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयातला सांगाडासुद्धा 1990 च्या दशकात सोडवून नव्या ढंगात उभा करावा लागला. चित्रपटातला 'रॅप्टर' माणसाच्या उंचीचा आहे. खरा व्हेलोसिरॅप्टर टर्कीएवढा, आणि त्याला पिसे होती, याचा पुरावा 2007 साली त्याच्या हाताच्या हाडावर सापडला. खेळण्यांना मात्र नवे मत कळवायला कुणी जात नाही. ज्या वर्षी डाय कोरली त्या वर्षीचे ज्ञान त्यांच्या अंगात कायम राहते. मला हे जुन्या भूगोलाच्या पुस्तकासारखे वाटते.

आणि आपल्या महाराष्ट्राचा डायनासोर? तो आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला 1984 ते 1986 या काळात एका प्रचंड शाकाहारी प्राण्याची हाडे खोदून काढली गेली. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधील सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. 2003 साली त्याला स्वतंत्र नाव मिळाले: आयसीसॉरस; संस्थेच्या 'आयएसआय' या आद्याक्षरांवरून. संख्याशास्त्राच्या संस्थेने डायनासोर शोधावा हे ऐकायला विचित्र वाटते, पण तिचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांना सगळ्याच विषयांत रस होता. त्याच संस्थेने गोदावरीच्या खोऱ्यातून त्याआधी बारापासॉरस काढला; पहिल्या मोसमाचे खोदकाम रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी झाले म्हणून त्याचे पूर्ण नाव बारापासॉरस टागोरी. 1975 च्या त्या शोधनिबंधावरही सोहनलाल जैन यांचे नाव आहे. वृत्तपत्राच्या कात्रणात हे आडनाव वाचून बाबूजींनी कात्रण मागून घेतले आणि स्थानकात नेऊन चार लोकांना दाखवले. डोंगरगावापासून फार दूर नसलेल्या पिसदुऱ्याला या प्राण्यांची दगड झालेली विष्ठा सापडते. 2005 साली तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष आढळले. डायनासोरांच्या काळी गवत होते आणि ते खाल्ले जाई, हे त्यावरून कळले. गवत खाणारा, चंद्रपूरचा, आणि वर्णन करणाऱ्याचे आडनाव जैन! याहून आपल्या घराला साजेसा डायनासोर कोणता? परंतु इतक्या वर्षांत माझ्या हाती आयसीसॉरसचे एकही खेळणे लागलेले नाही. 211 नगांत अकरा प्रकार आहेत आणि अकराच्या अकरा परदेशी.

2001 च्या एप्रिलमध्ये आयातीवरची संख्येची बंधने उठली आणि दोन-तीन वर्षांत आमच्या फळीवर चिनी माल दिसू लागला. तो स्वस्त होता आणि, खरे सांगायचे तर, सुबकही होता. कॅम्प 3 चा व्यापारी मोबाइलच्या कव्हरांकडे वळला. सरकारने 2020 साली खेळण्यांवरचे आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर नेले आणि 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, तोपर्यंत हातमशीनवाले बहुतेक विखुरले होते. आणि भंगार दाण्याच्या मालाला ते चिन्ह मिळालेही नसते. मुले वस्तू तोंडात घालतात, तेव्हा नियम योग्यच म्हणावा लागेल.

2019 च्या चातुर्मासात बाबूजींनी परिग्रह-परिमाण व्रत घेतले. वय 78. महाराजसाहेबांनी दिलेल्या कागदावर नऊ प्रकार होते: धन, धान्य, क्षेत्र, वास्तु, रौप्य, सुवर्ण, कुप्य, द्विपद, चतुष्पद. प्रत्येकापुढे मर्यादा लिहायची. बाबूजी असे काम अर्धवट करणारे नव्हेत. दुकान, घर, ठेवी, दागिने सगळे दोन दिवसांत लिहून झाले. तिसऱ्या दिवशी ते माळ्याखाली येऊन उभे राहिले आणि मला विचारले, "बेटा, वरचा माल कुणाचा?"

धाकटे दीर हसून म्हणाले, "टी. रेक्स दोन पायांचा, तो द्विपदात घाला. ट्रायसेराटॉप्स चतुष्पदात." घरभर हशा झाला. बाबूजीही हसले, पण उत्तराची वाट पाहत राहिले. कारण प्रश्न हिशेबाचा होता. माल दुकानाचा असेल तर तो त्यांच्या मर्यादेत मोजावा लागणार. त्यांनी जुन्या वह्या काढल्या. 1999 च्या वहीत डायनासोरांची आणि चित्रपटाच्या किरकोळ मालाची पूर्ण रक्कम बट्टेखाती टाकलेली सापडली. दुकानाच्या दृष्टीने तो माल वीस वर्षांपूर्वीच संपला होता. "मग हा दुकानाचा नाही, माझाही नाही," ते म्हणाले. "तुझ्या नावावर धरू?"

आपल्या घरांत सुनेच्या नावावर काय असते ते सर्व भगिनींना ठाऊक आहे. माहेरचे दागिने, बँकेतले थोडे, आणि कागदोपत्री कर वाचवण्यासाठी पुष्कळ. 'हे तुझे का?' असे मला या घरात प्रथमच कुणी विचारत होते, आणि तेही ज्याची किंमत शून्य लिहिली आहे अशा मालाबद्दल. मी हो म्हटले. रजिस्टर आणून दिले. त्या दिवशी 1,140 नोंदी होत्या. बाबूजींनी चष्मा लावून पाने उलटली आणि कुप्य या शब्दापुढे, माझ्या नावाने, वेगळ्या कागदावर लिहिले: खेळणी व कागद, एक कपाट. व्रत त्यांचे होते, मी घेतले नव्हते. पण कपाट एकच, हे मी मान्य केले आणि तेव्हापासून पाळते. नवे आले की जुने काहीतरी जाते.

2021 साली मुंबईहून एक संग्राहक आले. केनरची न उघडलेली दोन खोकी पाहून त्यांचा आवाज बदलला. अशी खोकी मुलांच्या हातून सहसा वाचत नाहीत. आमची वाचली ती सासूबाईंच्या यशोधर राजामुळे, हे त्यांना सांगितले, परंतु त्यात त्यांना रस नव्हता. तिन्ही खोक्यांचे आणि निवडक चोपड्यांचे मिळून 41,000 रुपये ठरले. उघडलेल्या टी. रेक्सचा भाव त्यांनी चिकटवलेल्या तुकड्यामुळे पाडला. जखम उघडत नाही म्हणजे वस्तू बिघडलेली. निघताना त्यांनी उल्हासनगरच्या नगांकडे हात करून म्हटले, हे भंगार सोबत दिले तर पिशवीत टाकून नेतो. मी दिले नाही.

रात्री दिरांनी सरळ प्रश्न टाकला. चोपड्या दुकानाच्या खरेदीतल्या. बट्टेखाती टाकलेल्या मालावर पैसा आला तर तो दुकानात जमा व्हायला नको का? प्रश्न रास्त होता. कोणताही हिशेबनीस तेच म्हणेल. बाबूजींनी थोडा वेळ घेतला. खोकी तिच्या माहेरची, त्यात आपला संबंध नाही, ते म्हणाले. चोपड्यांचे नऊ हजार तेवढे दुकानाचे धरा. आणि वीस वर्षे त्या झाडून-पुसून ठेवल्याची मजुरी नऊ हजार, तीही आजच चुकती करा. दिरांनी वहीत दोन्ही नोंदी केल्या. टी. रेक्सचे पैसे मी सासूबाईंच्या तिथीला पांजरापोळीत चाऱ्यासाठी दिले.

अलीकडे नकला जमवणारेही निघाले आहेत. परदेशात हाँगकाँगच्या निनावी प्लास्टिक प्राण्यांना आता मान आहे. गॅरी गायगॅक्स या अमेरिकन खेळकर्त्याने अशाच एका पाकिटातल्या धड ओळखू न येणाऱ्या प्राण्यांवरून आपल्या प्रसिद्ध खेळातले राक्षस रचले. आपल्याकडच्या फनस्कूलच्या बाहुल्या आणि लिओच्या छोट्या मोटारी परदेशी संग्राहक आवर्जून मागतात, कारण त्यांचे रंग मूळ मालापेक्षा वेगळे. पण त्या कंपन्यांची नावे वेष्टनावर छापलेली तरी आहेत. माझ्या 211 नगांपुढचा शेवटचा रकाना पंचवीस वर्षे कोरा होता.

गेल्या वर्षी दुकानात कॅल्क्युलेटरचे सेल घ्यायला एक वयस्क गृहस्थ आले. गल्ल्याजवळ मी एक निळा ट्रायसेराटॉप्स ठेवते, कागद दाबायला. त्यांनी तो उचलला, पोटाखाली नखाने चाचपले आणि सिंधी वळणाच्या हिंदीत म्हणाले, ही डाय आमची. कॅम्प 3 मध्ये त्यांचे दोन हातमशीनचे युनिट होते. मी त्यांना बसवले, पाणी दिले, रजिस्टर काढले. त्यांनी अकरापैकी सात प्रकार ओळखले. डाय कुणी कोरली, दाणा कुठून येई, ब्लेडचे काम कोणत्या चाळीतल्या बायका करीत, सगळे सांगितले. मी लिहीत गेले. एक गोष्ट मला कधीची विचारायची होती. त्या ट्रायसेराटॉप्सचे शेपूट इतके आखूड का? मूळ खेळण्यात ते चांगले बोटभर लांब आहे. मला वाटे, कोरणाऱ्याच्या हाती शेपूट तुटलेला नमुना आला असावा.

ते हसले. नमुना पूर्ण होता. आधी पूर्ण शेपटाचा माल काढला, तर किलोला ठरल्यापेक्षा दोन नग कमी बसू लागले, आणि ठोकवाला भाव वाढवून देईना. मग डायमध्ये शेपटाच्या जागी पितळेची पाचर ठोकली. ती पाचर अजून घरी आहे म्हणाले, पुढच्या वेळी येताना आणतो.